बघ्याची भूमिका

रस्त्यात कुणावर हात उगारला जातो, बसमध्ये कुणाची छेड काढली जाते, कचेरीत कुणाचा जातीवरून पाणउतारा होतो, तेव्हा तिथे करणारा असतो, सोसणारा असतो आणि बहुतेक वेळा बघणारेही असतात. पहिल्या दोघांचा विचार कायद्याने आणि समाजसुधारकांनी पुष्कळ केला. तिसऱ्यासाठी मराठीत ‘बघ्या’ हा शब्द आहे आणि तो जवळजवळ शिवीसारखाच वापरला जातो. ‘बघ्याची भूमिका घेतली’ असे वर्तमानपत्रे लिहितात तेव्हा त्यात दोषारोप असतो. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत मात्र या बघ्यालाच हाताशी धरून हिंसा आणि भेदभाव रोखण्याची एक पद्धत आकाराला आली आहे. तिला ‘बायस्टँडर ट्रेनिंग’ म्हणतात. डोळ्यांसमोर काही वावगे घडत असताना, स्वतःचा जीव धोक्यात न घालता, काय करता येते याचा सराव म्हणजे हे प्रशिक्षण.

या विषयाची गोष्ट सहसा न्यूयॉर्कपासून सांगितली जाते. १३ मार्च १९६४ रोजी पहाटे क्वीन्स भागातल्या क्यू गार्डन्स वस्तीत किटी जेनोव्हिस या २८ वर्षांच्या तरुणीवर राहत्या इमारतीजवळ चाकूहल्ला झाला आणि त्यात तिचा जीव गेला. दोन आठवड्यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने पहिल्या पानावर बातमी छापली, की ३८ शेजारी अर्धा तास हा प्रकार पाहत होते आणि हल्ला चालू असताना एकानेही पोलिसांना फोन केला नाही. शहरातली माणसे दगडाच्या काळजाची झाली, अशी हाकाटी झाली. ही बातमी फुगवलेली होती हे पुढे सिद्ध झाले. बहुतेकांच्या कानावर फक्त आरडाओरडा आला होता, प्रत्यक्ष पाहणारे थोडेच होते. एकाने खिडकीतून ओरडून हल्लेखोराला काही वेळ पळवूनही लावले होते. आणि एक शेजारीण जिना उतरून आली, रक्तात पडलेल्या किटीला तिने शेवटी कुशीत धरले. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने स्वतः २०१६ साली त्या जुन्या बातमीतल्या चुका मान्य केल्या. ही शेजारीण अर्धशतकभर त्या कथेतून गाळली गेली होती, हे आवर्जून नोंदवावे असे आहे.

बातमी चुकीची असली तरी तिच्यामुळे विचारला गेलेला प्रश्न खरा होता. बिब लाताने आणि जॉन डार्ली या दोन मानसशास्त्रज्ञांनी तो प्रयोगशाळेत नेला. १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका प्रयोगात विद्यार्थी वेगवेगळ्या खोल्यांत बसून इंटरकॉमवर बोलत होते. बोलता बोलता एकाला फिट आल्याचा आवाज येई. तो आधी ध्वनिमुद्रित केलेला असे. हे ऐकणारे आपण एकटेच आहोत असे ज्यांना वाटत होते, त्यांच्यापैकी ८५ टक्के जण मदतीला धावले. आणखी चौघे ऐकत आहेत असे ज्यांना वाटत होते, त्यांच्यात हे प्रमाण ३१ टक्क्यांवर आले. दुसऱ्या प्रयोगात विद्यार्थी प्रश्नावली भरत बसलेले असताना भिंतीतल्या झरोक्यातून खोलीत धूर सोडला जाई. एकटा असलेला विद्यार्थी बहुधा उठून बाहेर जाऊन सांगे. पण शेजारी दोन जण बसलेले असले आणि ते, आधी ठरल्याप्रमाणे, धुराकडे एकदा पाहून खांदे उडवून पुन्हा लिहू लागले, तर दहांतला जेमतेम एक जण उठे. बाकीचे खोकत, डोळे चोळत, हाताने धूर बाजूला सारत लिहीतच राहत. बाहेर आल्यावर विचारले तर धूर घातक असेल असे वाटले नाही, अशी कारणे ते देत.

हे विद्यार्थी दगडाच्या काळजाचे नव्हते. प्रत्येक जण दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहून अर्थ लावत होता आणि दुसराही तेच करत होता. सगळे शांत आहेत, म्हणजे काही विशेष नसावे. ही झाली गर्दीची पहिली भूल. दुसरी भूल जबाबदारीच्या वाटणीची. पन्नास जण उभे असले की प्रत्येकाच्या वाट्याला जबाबदारीचा पन्नासावा हिस्सा येतो आणि तेवढ्याशा हिश्शासाठी कोणी पाय उचलत नाही. ‘कोणीतरी फोन केलाच असेल’ हे वाक्य अपघाताच्या ठिकाणी ज्याने ऐकले असेल त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. आणि या दोन्हींच्या मागे, आपल्याकडे विशेष करून, तिसरे काहीतरी असते: नसती उठाठेव केल्याचा संकोच. नवरा-बायकोचा मामला आहे, त्यांच्या घरचे प्रकरण आहे, आपण बरे नि आपले काम बरे.

घाईचाही मोठा वाटा असतो. डार्ली आणि डॅनिएल बॅट्सन यांनी १९७३ साली प्रिन्स्टनमधल्या धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग या बाबतीत बोलका आहे. या विद्यार्थ्यांना शेजारच्या इमारतीत भाषण द्यायला पाठवले; वाटेत एक माणूस दारात कण्हत पडलेला होता. हाताशी वेळ असलेल्यांपैकी ६३ टक्के जण थांबले, उशीर झाल्याचे ज्यांना सांगितले होते त्यांच्यापैकी फक्त १० टक्के. त्यांतल्या काहींना तर वाटेत पडलेल्या वाटसरूला मदत करणाऱ्या शमरोनी माणसाच्या बायबलमधल्या दृष्टांतावरच बोलायचे होते. सकाळची ठरलेली लोकल गाठायला धावणाऱ्याला माणुसकी नसते असे म्हणण्यापेक्षा त्याला वेळ नसतो असे म्हणणे अधिक खरे आहे.

लाताने-डार्ली यांनी मदतीच्या वाटेवर पाच पायऱ्या सांगितल्या. घटना नजरेला पडली पाहिजे, ती गंभीर आहे असे वाटले पाहिजे, ती आपली जबाबदारी वाटली पाहिजे, काय करायचे ते सुचले पाहिजे आणि मग ते केले पाहिजे. कुठल्याही पायरीवर पाय अडखळला की माणूस बघ्या होतो. प्रशिक्षणाची सगळी रचना या पायऱ्यांवर उभी आहे. पहिल्या तीन पायऱ्यांसाठी माहिती आणि चर्चा पुरते. चौथी मात्र सरावाशिवाय जमत नाही. ऐन वेळी जीभ टाळ्याला चिकटते. काय बोलायचे ते आधी दहादा बोललेले असेल तरच ते तोंडातून बाहेर येते.

ही कल्पना हिंसाचाराच्या क्षेत्रात रुजली ती १९९३ साली, बॉस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठात. जॅक्सन कॅट्झ यांनी तिथे खेळाडू विद्यार्थ्यांसाठी एक कार्यक्रम सुरू केला. तोवर मुलांशी स्त्रियांवरील अत्याचाराबद्दल बोलायचे म्हणजे त्यांना संभाव्य गुन्हेगार समजून उपदेश करायचा, आणि मुलींशी बोलायचे म्हणजे संभाव्य बळी समजून सावध करायचे, असा रिवाज होता. मुलगे हात बांधून, मान खाली घालून बसत. कॅट्झ यांनी त्यांना वेगळ्या जागी उभे केले: तुझा मित्र एखाद्या मुलीशी वाईट वागतो आहे आणि तू तिथे आहेस, तू काय करशील? प्रश्नाचा रोख बदलला तशी मुले बोलू लागली. पुढे केंटकी विद्यापीठात डोरोथी एडवर्ड्स यांनी ‘ग्रीन डॉट’ हा कार्यक्रम रचला. नकाशावर हिंसेची प्रत्येक घटना म्हणजे एक लाल ठिपका आणि ती टाळणारी प्रत्येक छोटी कृती म्हणजे एक हिरवा ठिपका, अशी त्यातली मांडणी आहे.

प्रशिक्षणात सांगितले जाणारे मार्ग साधारण पाच आहेत. न्यूयॉर्कमध्ये २००५ साली सुरू झालेल्या ‘हॉलाबॅक’ या संघटनेने (आता तिचे नाव ‘राइट टू बी’ आहे) ते जगभर पोचवले. थेट हटकणे हा त्यांतला एकच मार्ग आहे आणि तो सर्वांत जोखमीचा. लक्ष दुसरीकडे वळवणे, अधिकार असलेल्या माणसाला बोलावणे, घडलेल्याची नोंद ठेवणे आणि प्रसंग सरल्यावर पीडित व्यक्तीची विचारपूस करणे हे बाकीचे चार. ‘मध्ये पडणे’ म्हणजे अंगावर जाणे अशीच बहुतेकांची समजूत असते, त्यामुळे अंगात ताकद नसलेली माणसे स्वतःला आधीच बाद ठरवतात. खरे तर पाचांपैकी चार मार्ग सत्तरीतल्या आजींनाही झेपणारे आहेत.

लक्ष वळवण्याचा सराव कसा चालतो ते एका प्रसंगावरून कळेल. खुर्च्यांच्या दोन रांगा लावून एसटी बस केली आहे. खिडकीशी बसलेल्या मुलीला शेजारचा प्रवासी खेटतो आहे. ती खिडकीकडे सरकत गेली आहे आणि आता सरकायला जागा उरलेली नाही. पहिल्या फेरीत मागच्या सीटवरची बाई एकदम ओरडते, ‘अहो, लाज नाही वाटत का?’ तो माणूस उलटून तिच्यावरच घसरतो, ‘तुमच्या काय पोटात दुखतंय?’ आणि गाडीतले बाकीचे प्रवासी गोंधळून मुलीकडेच पाहू लागतात. दुसऱ्या फेरीत तीच बाई उठते, त्या माणसाकडे न पाहता मुलीला म्हणते, ‘अगं, तू शिंदे बाईंची ना? किती मोठी झालीस! ये, मागे ये माझ्याजवळ, आईची खुशाली तरी सांग.’ मुलीला शिंदे बाई माहीत नाहीत, पण इशारा कळतो. ती उठून मागे येते. वाद नाही, तमाशा नाही. मग बाई हळूच विचारते, ‘बरी आहेस ना? कंडक्टरला सांगूया का?’ हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. पुढे काय करायचे हे तिने ठरवायचे असते. मदत करणाऱ्याने तिच्या हातून तो निर्णय काढून घ्यायचा नसतो.

भारतात याच तत्त्वावर २००८ साली ‘बेल बजाओ’ ही मोहीम निघाली. ‘ब्रेकथ्रू’ या संस्थेची ही मोहीम घरगुती हिंसेविरुद्ध होती. तिच्या एका जाहिरातीत शेजारच्या घरातून बाईला मारहाण होत असल्याचे आवाज येतात. एक माणूस उठतो, त्या दाराची बेल वाजवतो आणि दार उघडणाऱ्या नवऱ्याकडे थोडे दूध मागतो. एवढेच. दूध हे निमित्त आहे, हे दोघांनाही कळते. आम्ही ऐकतो आहोत, हा निरोप पोचतो. घरातली मारहाण दार बंद आहे या भरवशावर चालते, आणि बेल त्या भरवशालाच तडा देते.

बेल वाजवणाऱ्याच्या पाठीशी कायदाही आहे, पण तो फार थोड्यांना माहीत असतो. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणाऱ्या २००५च्या कायद्याचे चौथे कलम सांगते, की अशी हिंसा होत असल्याचे मानायला कारण असलेली कोणतीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते, आणि सद्हेतूने माहिती दिली तर तिच्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. बालकांवरील लैंगिक अत्याचारांबाबतचा २०१२चा ‘पॉक्सो’ कायदा याहून पुढे जातो. तिथे माहिती असून न कळवणे हाच गुन्हा आहे. रस्ते अपघातातील जखमींना मदत करणाऱ्यांना पोलीस आणि कोर्ट यांच्या जाचापासून संरक्षण देणारे १३४-अ हे कलम २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आले. ‘कोण कोर्टाच्या पायऱ्या झिजवणार’ ही भीती अगदीच खोटी नाही, तिला अनुभवाचा आधार आहे. पण कायद्याने तिच्यावर निदान कागदोपत्री उतारा दिला आहे, तो माहीत असला पाहिजे. ११२, महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८ आणि रेल्वेत १३९ हे क्रमांक प्रशिक्षणात मोबाइलमध्ये तिथल्या तिथे साठवून घेतले जातात. पाकिटात चिठ्ठी ठेवून उपयोग होत नाही.

मोबाइलवर चित्रीकरण करण्याबाबत मात्र कडक शिस्त लागते. कोणीतरी मदत करत असेल तरच दुसऱ्याने चित्रीकरण करावे, आणि ते पीडित व्यक्तीच्या किंवा पोलिसांच्या हाती द्यावे. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेली चित्रफीत तिच्या यातनांचा तमाशा करते. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या ७२व्या कलमाखाली गुन्हाही आहे.

भेदभावाच्या बाबतीत प्रसंग आणखी अवघड असतो, कारण तिथे रक्त दिसत नाही. वसतिगृहात आरक्षणावरून मारलेला टोमणा, सोसायटीच्या सभेत ‘आपल्यातलाच भाडेकरू हवा’ हे वाक्य, ईशान्येकडच्या विद्यार्थ्याला हाक मारायचे ते नाव. ऐकणारे कसनुसे हसतात आणि प्रत्येकाला वाटते, आपल्यालाच खटकले, बाकीच्यांना चालते आहे. अशा वेळी मोठे भाषण लागत नाही. ‘म्हणजे काय? मला नाही कळले’ असा सरळ प्रश्न विचारला की बोलणाऱ्याला आपले वाक्य उलगडून सांगावे लागते, आणि ते उलगडताना बहुतेकांची जीभ अडखळते. नुसते न हसणे हीसुद्धा कृती आहे. आपल्याला खटकते ते इतरांनाही खटकत असते याची प्रचिती कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने दिली. ४ मे २०२२ रोजी तिथल्या ग्रामसभेने पतीच्या निधनानंतर पत्नीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि मग इतर गावांतूनही तसे ठराव होऊ लागले. अंत्ययात्रेच्या वेळी दारात उभे राहून हे सारे मुकाट पाहणाऱ्या बायकांना ते कधी आवडले असेल असे मानायचे कारण नाही. कोणीतरी आधी बोलायचे राहिले होते.

जमावाच्या हिंसेत बघ्याची वेळ फार लवकर येते आणि फार लवकर निघून जाते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा येथे आठवडी बाजारात, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. भिक्षा मागत गावोगाव फिरणारी ती मंगळवेढा परिसरातली माणसे होती. शेवटी त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारले गेले, आणि मोबाइलवर त्याचे चित्रीकरण झाले. त्या घटकेला एकट्यादुकट्याने मध्ये पडणे म्हणजे जीव देणे होते. पण त्याआधी दिवसेंदिवस ती अफवा मोबाइलवरून फिरत होती, आणि ती पुढे न ढकलणे, ‘कुठल्या गावचे मूल? कधी? तक्रार कुठे आहे?’ असे गटात विचारणे, पोलीस पाटलाला दाखवणे हे कोणालाही शक्य होते. म्हणून जमावाच्या हिंसेविषयीचे प्रशिक्षण अफवेपासून सुरू व्हावे लागते.

वर्दीतला माणूसही बघ्या असतो. हंगेरीत लहानपणी नाझींच्या तावडीतून वाचलेले मानसशास्त्रज्ञ एर्विन स्टॉब यांनी आयुष्यभर याच प्रश्नाचा अभ्यास केला, कारण त्यांचे कुटुंब वाचले ते काही थोड्या माणसांनी बघे राहायचे नाकारले म्हणून. त्यांच्या विचारांच्या आधारे न्यू ऑर्लिन्सच्या पोलीस दलाने सहकाऱ्याला वेळीच रोखण्याचे प्रशिक्षण सुरू केले. २५ मे २०२० रोजी मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड यांच्या मानेवर एक अधिकारी नऊ मिनिटांहून अधिक काळ गुडघा दाबून होता, तेव्हा त्याचे तीन सहकारी तिथेच होते. त्यानंतर अमेरिकेतल्या अनेक पोलीस दलांनी असे प्रशिक्षण मागून घेतले.

मध्ये पडण्यात धोका असतो, हे प्रशिक्षणात लपवले जात नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये मुंबईच्या अंधेरीत मैत्रिणींची छेड काढणाऱ्यांना हटकल्यामुळे दोन तरुणांना भर रस्त्यात भोसकले गेले. दोघांचाही जीव गेला आणि भोवतालची गर्दी हलली नाही. जून २०२४ मध्ये वसईत एका तरुणीवर सकाळच्या वर्दळीत पान्याने घाव घातले गेले. एक जण पुढे आला, हल्लेखोर अंगावर येताच मागे हटला, आणि दुसरा कोणी त्याच्या बाजूला येऊन उभा राहिला नाही. याच्या साधारण एक वर्ष आधी, २७ जून २०२३ला, पुण्याच्या सदाशिव पेठेत कोयता घेऊन तरुणीच्या मागे लागलेल्याला स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका तरुणाने अडवले, लगेच दुसरा धावला आणि ती वाचली. या दोन घटना शेजारी ठेवल्या की दुसऱ्या माणसाचे मोल कळते. पहिला पुढे होणारा नेहमीच थोडा वेडा धाडसी असतो; त्याच्या मागोमाग दुसरा गेला की हल्लेखोराला गर्दी दिसू लागते. म्हणून शहाणे प्रशिक्षक गर्दीला हाक मारायला शिकवत नाहीत. ‘कोणीतरी वाचवा’ म्हटले की ते कोणालाच लागू होत नाही. ‘अहो निळा शर्ट, ११२ लावा. दादा, तुम्ही माझ्याबरोबर या’ असे बोट दाखवून म्हटले की त्या दोघांची सुटका नसते.

माणसे मुळात हलतच नाहीत, हा समजही आता मागे पडला आहे. अ‍ॅमस्टरडॅम, केप टाउन आणि इंग्लंडमधील लँकेस्टर या तीन शहरांतल्या सीसीटीव्हीत टिपलेल्या २१९ भांडणांचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. दर दहांपैकी नऊ प्रसंगांत निदान एका बघ्याने काहीतरी केले होते: हात धरला, मध्ये उभा राहिला, पडलेल्याला सावरले. आणि बघे जितके जास्त, तितकी कोणीतरी मदत करण्याची शक्यताही जास्त होती. तिथली प्रयोगशाळा रस्ता होता आणि समोरचे भांडण उघड होते, त्यामुळे धुराच्या खोलीतली संदिग्धता तिथे नव्हती.

प्रशिक्षणाचा उपयोग होतो का, याचे उत्तर हो असले तरी त्याला मर्यादा आहेत. केंटकीतल्या २६ माध्यमिक शाळांत ‘ग्रीन डॉट’चा पाच वर्षे अभ्यास झाला, तिसऱ्या आणि चौथ्या वर्षी प्रशिक्षण मिळालेल्या शाळांत लैंगिक अत्याचारांचे प्रमाण इतर शाळांहून कमी आढळले. मुंबईत शालेय क्रिकेट संघांच्या प्रशिक्षकांमार्फत १० ते १६ वर्षांच्या मुलांसाठी ‘परिवर्तन’ हा कार्यक्रम चालवला गेला. नेट्सनंतर मैदानातच मुले गोल करून बसत आणि सर मुलींशी वागण्याबोलण्याचा एखादा विषय काढत. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या मूल्यमापनात मुलांच्या विचारांत सुधारणा दिसली आणि मित्र मुलीला त्रास देत असताना त्याला हसून साथ देण्याचे प्रमाण घटले. पण पुढे होऊन मित्राला रोखण्याची तयारी मात्र वाढलेली दिसली नाही. साथ देणे थांबले, अडवणे सुरू झाले नाही. या दोहोंमधले अंतर एका हंगामात तुटत नाही. महाविद्यालयांतल्या अशा कार्यक्रमांचा २०१९ साली एकत्रित आढावा घेतला गेला, त्यात वेगळी मर्यादा दिसली: मध्ये पडणारे वाढतात, पण काही महिन्यांनी हा परिणाम ओसरतो.

म्हणूनच एका दिवसाची कार्यशाळा, चहा-बिस्किटे आणि प्रमाणपत्र एवढ्यावर हे काम भागत नाही. आग लागली तर काय करायचे याची कवायत कारखान्यात ठरावीक काळाने पुन्हा घेतात, तशी याची उजळणी लागते, आणि ती ज्या जागेत प्रसंग घडू शकतो त्याच जागेत घेतलेली अधिक टिकते: सोसायटीच्या जिन्यात, एसटीच्या आगारात, मैदानाच्या कडेला, कचेरीच्या कँटीनमध्ये. धारावीत ‘स्नेहा’ या संस्थेच्या ‘संगिनी’ त्याच वस्तीतल्या बायका आहेत. कोणत्या घरात रात्री आवाज चढतो, कोणती सून गेले आठ दिवस नळावर आली नाही, हे त्यांना बाहेरून येणाऱ्या कार्यकर्तीच्या आधी कळते. पाचांपैकी पहिली पायरी, नजरेला पडण्याची, त्यांनी राहत्या घरातच ओलांडलेली असते.